शौचातून रक्त : "मूळव्याधच असेल" म्हणण्याआधी

लंबक

गुदद्वाराशी आग झाली, मूळव्याध. हाताला गाठ लागली, मूळव्याध. रक्त पडलं, मग तर विचारायलाच नको. या एका शब्दाखाली फिशर (चीर), पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ), आतड्याची सूज, संसर्ग आणि कर्करोग एवढं सगळं झाकलं जातं. पंचाईत अशी की शब्द बऱ्याचदा खराही असतो. मूळव्याध असतेच, पण पडलेलं रक्त तिचंच आहे हे त्यावरून ठरत नाही. मूळव्याध असलेल्या माणसाला हातभर वर आतड्यात गाठही असू शकते.

रक्त कुठून येत असेल, कधी तातडीने निघायचं, कधी आठवड्याभरात दाखवलं तरी चालतं आणि तपासणीत नेमकं काय करतात, यावर या धाग्यात माहीतगारांनी आपापल्या नावाखाली लिहावं. घरगुती उपायांची यादी कृपया नको.

सुरुवात रंगापासून. रक्त जितकं खालून येतं तितकं ते लाल. गुदद्वार, गुदाशय आणि मोठ्या आतड्याचा डावा भाग इथलं रक्त लालभडक दिसतं. उजव्या भागातलं गडद, जांभळट, बहुधा शौचात मिसळलेलं. जठर किंवा त्याला लागून असलेल्या आतड्यातलं रक्त वाटेत पचतं आणि शौच डांबरासारखी होते: काळी, चकचकीत, पाणी सोडलं तरी भांड्याला चिकटून राहणारी, आणि वास असा की एकदा आला की पुन्हा ओळखता येतो. अशी शौच व्हायला साधारण ५० ते १०० मिली रक्त पोटात उतरावं लागतं. म्हणून काळी शौच ही थोडक्यात आटपणारी गोष्ट नाही. दुखत नसलं तरी त्याच दिवशी रुग्णालय.

एक फसवा अपवाद आहे. वरून फार वेगाने रक्त वाहिलं तर पचायला वेळच मिळत नाही आणि ते लालच बाहेर पडतं. लाल रक्ताचा जोरदार स्राव घेऊन येणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांपर्यंत रुग्णांत उगम जठराच्या बाजूला सापडतो. त्यामुळे 'लाल म्हणजे खालचं, म्हणजे किरकोळ' हे समीकरण धरू नये.

खलबत्ता

रंगावर आधी हे सांगतो, नाहीतर निम्मे लोक आजच घाबरतील.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट हिरवी होते, पण ती घट्ट असते, डांबरासारखी चिकटत नाही आणि तो वासही नसतो. बिस्मथ असलेल्या पोटाच्या औषधानेही काळी होते. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लाल दिसते, लघवीसुद्धा. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन घेणाऱ्यांची लघवी केशरी-लाल होते, ते पाणी भांड्यात पसरलं की रक्त वाटतं.

उलट बाजूने, जी औषधं खरंच रक्त काढतात ती अशी: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. यांनी फक्त जठरात व्रण होतात असा समज आहे, पण मोठ्या आतड्यातल्या डायव्हर्टिक्युला नावाच्या फुगोट्यांतूनही यांच्यामुळे रक्तस्राव वाढतो. रक्त दिसल्यापासून या बंद. दुखलंच तर पॅरासिटामॉल.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, अपिक्साबॅन वगैरे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं गणित वेगळं. स्टेंट बसवलेला असेल किंवा आधी झटका येऊन गेला असेल तर या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. थोड्या रक्ताला घाबरून गोळी थांबवायची आणि स्टेंट बुजायचा, हा सौदा महाग आहे. भरपूर रक्त जात असेल तर पुढचा डोस घेण्याआधीच रुग्णालय गाठा, काय थांबवायचं ते तिथे ठरेल. आणि या गोळ्यांवर असलेल्या माणसाचं रक्त 'गोळीमुळेच' पडतं असं समजून सोडूनही देऊ नका. गोळी रक्त वाहतं ठेवते, पण जखम, पॉलिप किंवा गाठ आधीपासून तिथे असू शकते.

उंबरठा

रंगाच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारले की चित्र बरंच उमगतं: रक्त नेमकं कुठे दिसतं, आणि दुखतं का?

फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. शौच होताना काचेने कापल्यासारखी कळ, नंतर काही मिनिटांपासून दोन-तीन तासांपर्यंत आग. रक्त थोडं, शौचावर रेघ किंवा पुसलेल्या कागदावर डाग. चीर बहुतेकदा मागच्या बाजूला बरोबर मध्यरेषेवर असते, काही वेळा पुढे. बाजूला असेल तर मात्र डॉक्टर सावध होतात, कारण तिथली चीर क्रोन्स (आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार), क्षयरोग, एचआयव्ही किंवा कर्करोगाची असू शकते. दुखणं सहा आठवड्यांवर गेलं की जुनाट फिशर म्हणतात. चिरेच्या खालच्या टोकाला त्वचेचा छोटा लोंबता तुकडा तयार होतो आणि नेमका तोच लोक 'मूळव्याधीचा कोंब' म्हणून दाखवतात.

आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. शौच झाल्यावर टपटप थेंब किंवा पिचकारी, भांड्यात लाल शिंतोडे, शौच स्वतः स्वच्छ. बाहेरच्या कोंबात गुठळी झाली तर निळसर, टणक, भयंकर दुखणारी गाठ येते. पहिले दोन-तीन दिवस सर्वात वाईट. त्या ७२ तासांत दाखवलं तर छोट्या शस्त्रक्रियेचा फायदा होतो, नंतर ती आपोआप ओसरू देणंच बरं.

शौचात मिसळलेलं रक्त, आव, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं आणि जाऊन आल्यावरही 'राहिलंय' वाटणं, ही तऱ्हा मूळव्याधीची नाही. गुदाशयातली सूज किंवा गाठ यांची आहे. गाठ भरलेल्या गुदाशयाला शौच आल्याचा भास होत राहतो. माणूस दिवसातून सात-आठ वेळा जातो आणि चमचाभर आव-रक्त टाकून येतो. याला कोणी 'जुलाब' म्हणतो, कोणी 'बद्धकोष्ठ', आणि दोन्हींची औषधं घेत महिने निघून जातात.

आडवाट

हे सगळं बरोबर, पण तिशीतल्या माणसाला कागदावर दोन थेंब दिसले म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायला पाठवणार का? भीती घालून तपासण्या वाढवण्याचा धंदाही कमी नाही.

उंबरठा

@आडवाट, नाही पाठवणार. पण 'तपासणी' आणि 'कोलोनोस्कोपी' हे समानार्थी शब्द नाहीत, गोंधळ तिथे होतो.

पहिली तपासणी पाच मिनिटांची असते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. आधी नुसतं बघणं: चीर, गाठ, भगंदराचं तोंड. मग हातमोजा आणि जेली लावून एक बोट. बोट साधारण ७-८ सेंटिमीटरपर्यंत पोचतं. आतली मूळव्याध मऊ असते, दाबली की चपटी होते, त्यामुळे ती बोटाला बहुधा लागत नाही. बोटाचं मुख्य काम टणक, खडबडीत काही आहे का ते शोधणं आणि बाहेर आलेल्या हातमोज्यावर रक्त आहे का, काळं आहे का ते पाहणं. मूळव्याध बघायची तर प्रॉक्टोस्कोप लागतो, बोटभर लांबीची नळी. फिशर फार दुखत असेल तर त्या दिवशी बोट आणि नळी दोन्ही पुढे ढकलतात. तसं केलं तर दुखणं उतरल्यावर पुन्हा बोलावणं आवश्यक.

तरुण माणूस, चीर डोळ्यांनी दिसते, शौचाची सवय बदललेली नाही, वजन आणि हिमोग्लोबिन ठीक, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग नाही. अशाला फिशरचे उपचार द्यावेत, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बघावं. थांबलं तर विषय संपला. नाही थांबलं तर दुर्बीण. यात आगाऊ काही नाही.

दुर्बिणीकडे आधीच वळावं असे प्रसंग: वय ४५ किंवा अधिक आणि रक्त नव्याने सुरू झालेलं, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कोणाला हा कर्करोग. या शेवटच्या बाबतीत काहीच लक्षण नसतानाही चाळणी तपासणी वयाच्या ४० व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार कळला त्याच्या १० वर्षं आधी सुरू करतात, जे आधी येईल ते. बाकीच्यांसाठी ४५ हा आकडा अमेरिकेत २०२१ साली ५० वरून खाली आणला, कारण पन्नाशीच्या आतले रुग्ण वाढत आहेत. त्यामुळे 'तरुण आहे, मूळव्याधच' हा तर्क आता जास्तच लंगडा झालाय.

आडवाट

ठीक. 'दाखवायचं सगळ्यांनी, दुर्बीण निवडकांना' असं असेल तर माझी तक्रार नाही.

टिपकागद

दोन शंका. लपलेल्या रक्ताची चाचणी, ती फिट, निगेटिव्ह आली तर सुटलो का? आणि हिमोग्लोबिन चांगलं असेल तर?

निळी शाई

फिट मुळात लक्षणं नसलेल्यांना चाळण्यासाठी. ती मानवी हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन पकडते, म्हणून जुन्या ग्वायाक चाचणीसारखं लाल मांस किंवा क जीवनसत्त्व टाळावं लागत नाही. ग्लोबिन जठराकडून येताना पचून जातं, त्यामुळे वरचा रक्तस्राव तिला बहुधा दिसत नाही. काही ठिकाणी लक्षणं असलेल्यांतही कोणाला आधी दुर्बीण द्यायची हे ठरवायला ती वापरतात, सीमारेषा शौचाच्या प्रत्येक ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन. पण डोळ्यांना रक्त दिसतंय, ते थांबत नाहीये, आणि हातात निगेटिव्ह कागद, तर डोळ्यांवर विश्वास ठेवायचा. गाठी सतत रक्त टाकत नाहीत. नमुना ज्या दिवशी घेतला त्या दिवशी गाठ कोरडी असू शकते.

हिमोग्लोबिनचं दोन बाजूंनी बघा.

अचानक भरपूर रक्त गेलं तर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन खाली येतच नाही. रक्त आणि पाणी एकत्रच गेलेलं असतं, प्रमाण तेच राहतं. शिरेतून सलाइन गेल्यावर किंवा शरीराने स्वतः पाणी ओढल्यावर आकडा पडतो. त्यामुळे आल्या आल्या '१३ आहे, घरी जा' असं नसतं.

हळूहळू जाणाऱ्या रक्ताचा हिशेब वेगळा. १ मिली रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह. रोज एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली गेलं तर अडीच मिलिग्रॅम लोह गेलं. आपण रोजच्या खाण्यातून शोषतो साधारण १ ते २ मिलिग्रॅम, तेवढंच शरीर इतर मार्गांनी गमावतं. साठा संपायला वेळ लागतो, पण संपतो. म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) मागा, ते आधी घसरतं. ॲनिमिया असलेल्या माणसात फेरिटिन ४५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरून पुढचा शोध घ्यायचा, असा अलीकडचा कल आहे. प्रौढ पुरुष किंवा पाळी थांबलेली स्त्री, लोह कमी, आणि रक्त कधी दिसलंच नाही: आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ अशीच येते. नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर हिमोग्लोबिन वाढवून समाधान मानणं ही त्यातली नेहमीची चूक.

सुईदोरा

तातडीचं कोणी सविस्तर लिहिलं नाही, मी लिहिते.

भांड्यातल्या पाण्यात चमचाभर रक्तसुद्धा सगळं लाल करतं, म्हणून नुसत्या पाण्याच्या रंगावरून अंदाज चुकतो. यांकडे बघा: गुठळ्या पडतात का, शौच नसताना नुसतं रक्त येतं का, तासाभरात पुन्हा पुन्हा येतं का.

मग नाडी मोजा, पूर्ण ६० सेकंद. घरी यंत्र असेल तर रक्तदाबही. नाडीचा आकडा भागिले वरचा रक्तदाब. उदाहरणार्थ नाडी ११०, दाब १००: भागाकार १.१. एकच्या वर गेला की रक्त धोकादायक प्रमाणात कमी झालंय असं समजायचं, रुग्णवाहिका बोलवायची. यंत्र नसेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर नाडी बघा. ३० ने वाढली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तोच अर्थ. आडवं असतानाच गरगरत असेल तर हा प्रयोग करू नका, पडून डोकं फुटेल. हृदयाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी वाढतच नाही. त्यांच्यात ८० च्या नाडीला फसू नका.

याशिवाय लगेच निघायची कारणं: डांबरी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पोटात जोराची कळ किंवा पोट कडक होणं, तापासह रक्ती जुलाब, यकृताचा जुना आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असताना न थांबणारं रक्त, दरदरून घाम, गळून जाणं. वयस्कर माणसाच्या पोटात डावीकडे अचानक मुरडा येऊन चोवीस तासांत रक्त पडलं तर आतड्याला रक्तपुरवठा कमी पडल्याची शंका असते.

निघताना: खाणं-पिणं बंद, कारण दुर्बीण लागू शकते. स्वतः गाडी चालवायची नाही. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत, शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहून. शौचाचा फोटो काढायला लाजू नका. 'खूप रक्त' या दोन शब्दांपेक्षा फोटो जास्त सांगतो.

लंबक

तापासह रक्ती जुलाबात लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी) घेऊ नये, हे मध्येच जोडतो. आतडं थांबवलं की जंतू आणि विष आत कोंडतात. प्रतिजैविकही अंदाजाने नको. ई. कोलाय जंतूच्या काही जातींत त्याने मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढू शकतो. आधी शौचाची तपासणी.

आणि दिवसातून सहा किंवा अधिक रक्ती शौच, त्याबरोबर नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यातलं एक जरी असलं तरी अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण होण्याचा जुनाट आजार) तीव्र झटका मानून भरती करतात. ट्रूलव्ह आणि विट्स यांचा १९५५ चा हा निकष आजही वापरात आहे.

पिंपळपान

लहान मुलांचं थोडक्यात. बहुतेक वेळा खडा झालेला असतो आणि चीर पडलेली असते. दोन ते आठ-दहा वर्षांच्या मुलात न दुखता अधूनमधून लाल रक्त, तर जुव्हेनाइल पॉलिप, बहुधा एकच आणि साधा. तान्ह्या बाळात आव-रक्ताचे धागे गाईच्या दुधातल्या प्रथिनाच्या ॲलर्जीने येतात. आईच्या स्तनाग्राला चीर असेल तर बाळाने गिळलेलं रक्तही शौचात दिसतं.

सोडायचं नाही ते हे: सहा महिने ते तीन वर्षांचं बाळ, दर दहा-वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मधल्या वेळात मलूल पडतं, उलट्या करतं. आतड्यात आतडं शिरलंय. जेलीसारखी लाल शौच हे उशिराचं चिन्ह, तिची वाट बघायची नाही. आणि न दुखता भरपूर गडद रक्त गेलं तर मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, म्हणजे लहान आतड्याला जन्मतः असलेली पिशवी. दोन्हीत त्याच तासाला रुग्णालय.

टिपकागद

कोलोनोस्कोपी ठरलीच तर तयारीत लोक कुठे चुकतात?

निळी शाई

आतडं साफ करणारं औषध अर्धवट पितात, बाकी चुका त्यापुढे किरकोळ. आतडं स्वच्छ नसेल तर चपटे पॉलिप दिसत नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी बंद, त्यांचा काळा लेप भिंतीला बसतो. आदल्या दिवशी चोथा, बिया, साली असलेलं काही नाही. लाल-जांभळी पेयं नाहीत, दुर्बिणीत ती रक्तासारखी दिसतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं द्रावण सांगितल्याप्रमाणे २ ते ४ लिटर, दर १०-१५ मिनिटांनी एक पेला, दोन हप्त्यांत: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपवायचं. पहाटे उठावं लागतं म्हणून लोक सगळं रात्रीच पितात. मग रात्रभरात लहान आतड्यातला पित्तमिश्रित चिकटा उतरून नेमका उजवा भाग झाकतो. शेवटची शौच पिवळसर आणि आरपार दिसणारी हवी, तपकिरी पाणी असेल तर तिथल्या नर्सला आधीच सांगा. उलटी येऊ लागली तर अर्धा तास थांबून, गार करून, नळीने प्या.

मधुमेहींनी गोळ्या-इन्सुलिनचं आधी विचारून ठेवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या उपाशीपोटी कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची धोक्याची स्थिती) करू शकतात, म्हणून त्या ३ दिवस आधी थांबवतात.

खलबत्ता

फिशर-मूळव्याध ठरल्यावरच्या औषधांतल्या चुका. इसबगोल ५ ग्रॅमपासून सुरू करा आणि प्रत्येक वेळी पूर्ण पेलाभर, २०० ते २५० मिली पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच खडा करतं. इतर गोळ्या आणि ते यांत दोन तासांचं अंतर. कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसणं, दिवसातून दोन-तीनदा. मीठ किंवा जंतुनाशक टाकायची गरज नाही, उलट त्वचा चुरचुरते. स्टेरॉइडचं मलम आठवड्याच्या वर नको, त्वचा पातळ होऊन नव्याने चिरते. डिल्टियाझेम २ टक्के मलम दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. आठव्या दिवशी दुखणं थांबलं की लोक सोडतात आणि चीर परत उघडते. नायट्रोग्लिसरिनचं मलम असेल तर डोकं दुखतं, आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा) यासारख्या गोळीबरोबर ते कधीही नाही, रक्तदाब कोसळतो.

शौचाला पाच मिनिटांच्या वर बसू नये. मोबाइल बाहेर ठेवा.

आडवाट

शेवटचा प्रश्न. मूळव्याधीला रबरबँड लावल्यावर सातव्या दिवशी पुन्हा रक्त आलं, तर ते बिघडलं म्हणायचं का?

उंबरठा

नाही. बँडखालचा कोंब सुकून ५ ते १० दिवसांत गळतो, तेव्हा थोडं रक्त येतंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्त येऊ शकतं, म्हणून बँड लावण्याआधी त्यांची चौकशी करतात. गुठळ्या पडल्या, थांबेना, चक्कर आली तर वर सुईदोरा यांनी लिहिलंय तेच करायचं.

बँडनंतर रक्ताहून जास्त लक्ष द्यायचं ते तीन गोष्टींकडे: वाढत जाणारं दुखणं, ताप, आणि लघवी न होणं. तिन्ही एकत्र दिसणं दुर्मिळ, पण तो ओटीपोटातला जंतुसंसर्ग असतो आणि वेगाने पसरतो. तिन्हींची वाट न बघता, दोन दिसली तरी त्याच रात्री भरती व्हायचं, सकाळच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही.